एचएमटीच्या कट्ट्यामागचा माणूस
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आम्ही राईस मिलमध्ये राबणारी माणसं. एचएमटीचे किती कट्टे या पाठीवरून गेले त्याची मोजदाद नाही. पण हा धान शोधला कोणी, हे आम्हाला फार उशिरा कळले. तो माणूस आपल्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचा, दादाजी रामाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत, शेती दीड एकर.

१९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसऱ्याने त्या कापून पुंजण्यात टाकल्या असत्या. दादाजींनी त्या जपल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या. जंगलाशेजारची शेती, म्हणून रानडुकरांसाठी काटेरी फांद्यांचे कुंपण केले. दरवर्षी चांगले निवडायचे, पुन्हा पेरायचे. भगवंतांनी 'एहिपस्सिको' म्हटले, या आणि स्वतः पाहा. या माणसाने धानाच्या बांधीत तेच केले.

१९९० च्या सुमारास हा बारीक धान तळोधीच्या बाजारात गेला. त्याला नाव नव्हते. तेव्हा एचएमटी घड्याळाची चलती, तेच नाव पडले. धान गावोगावी, परराज्यात गेला. नाव घड्याळाचे झाले, दादाजींचे नाही.

पुढे कृषी विद्यापीठाने बियाणे नेले आणि १९९८ साली 'पीकेव्ही-एचएमटी' आणला. शुद्धीकरण आमचे, असे विद्यापीठ म्हणे. मूळ शोध माझा, असे दादाजी म्हणत. २००५ साली राष्ट्रपती कलामांच्या हस्ते सन्मान झाला. २०१० मध्ये फोर्ब्स मासिकाने ग्रामीण उद्योजकांत त्यांना गणले. पण उद्योजकाच्या घरी पैसा कुठे होता? ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीजवळ शोधग्रामच्या दवाखान्यात ते गेले, तेव्हा उपचाराच्या खर्चाचीही ओढाताण होती.

तरी हा माणूस कडवट होऊन बसला नाही. डीआरके, नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, विजय नांदेड असे आणखी वाण काढत राहिला. डीआरके ही त्यांच्याच नावाची अक्षरे. एकदा नाव हुकले, ते दुसऱ्यांदा त्यांनी हुकू दिले नाही.

आता दोष फक्त दुसऱ्याला देऊन भागत नाही. आम्ही तो भात खाल्ला, कट्टे उचलले, त्यावर मजुरी कमावली. मात्र त्यांच्या पडत्या काळात आपल्यापैकी किती जण नांदेडला गेले? आम्ही गेलो नाही, हे या विहारात कबूल करतो.

बाबासाहेबांनी आपल्या हाती लेखणी दिली, ती कशासाठी? २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यालाही आपल्या वाणाची नोंदणी करता येते. म्हणून आमची विनंती आहे : विहारात एक वही ठेवा. कोणी बियाणे निवडले, कोणी अवजार सुधारले, तर नाव, गाव, साल लिहा. शिकलेल्या पोरांनी अर्ज भरून द्यावेत. पुढचा दादाजी कदाचित आजच्या सभेत मागे बसला असेल. त्याच्या कट्ट्यावर त्याचेच नाव राहो!

नमो बुद्धाय, जयभीम!