जोडी फुटली की जनावर का बसतं

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही शहापूर-मुरबाडकडची माणसं. भातवाली. तुमच्या कापूस-ज्वारीच्या मेळाव्यात आमचं काय काम, असं कुणाला वाटलं तर त्यात चूक नाही. भातसा, तानसा, वैतरणा यांचं पाणी आमच्या भागातून मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर येतो. तेव्हा कोरडवाहूचं दुःख आम्हाला अगदीच परकं नाही, एवढीच आमची ओळख.

काल रात्री जेवणं झाल्यावर तुमच्यातल्या एका शेतकऱ्यानं सांगितलं, की त्याच्या जोडीतला उजव्या अंगाचा बैल गेला, तर डाव्या अंगाचा चार दिवस वैरणीला तोंड लावीना. त्यानं आम्हाला विचारलं, याला आजार म्हणायचं की काय म्हणायचं? आम्ही म्हणालो, बैलाचं आम्हाला नीट सांगता येणार नाही, पण गाढवाचं आम्ही डोळ्यानं पाहिलंय. मग सगळेच म्हणाले, उद्या तेच बोला. म्हणून आज गाढवावर भाषण आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसण्यासारखं फार नाही.

गाढव म्हटलं की आपल्याकडे शिवीच. अडला हरी गाढवाचे पाय धरी, गाढवापुढे वाचली गीता. आमच्या ठाणे जिल्ह्यात शिलाहार राजांच्या काळचे गधेगाळ सापडतात. दानाच्या जमिनीवर जो हात टाकील त्याला आईवरून शिवी देण्यासाठी राजानं दगडावर गाढव कोरून ठेवलं. एकट्या नाथमहाराजांनी तेवढं काशीहून आणलेलं गंगेचं पाणी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, असं आपण सांगतो. कीर्तनात ते ऐकून डोळे पुसतो आणि घरी जाताना वाटेतल्या गाढवाला दगड मारतो.

आता आमच्याकडचं सांगतो. भात झोडून झालं, दिवाळी उरकली, की शहापूर, मुरबाड, भिवंडी या पट्ट्यात वीटभट्ट्या लागतात. आमचे कातकरी बांधव पाडे रिकामे करून भट्टीवर जातात आणि घाटावरून वडार, कुंभार यांची बिऱ्हाडं गाढवं घेऊन उतरतात. माती, कच्ची वीट, भाताचं तूस, सगळं गाढवाच्या पाठीवर. हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि ती फेडेपर्यंत माणूस आणि जनावर दोघंही बांधलेले. उचल म्हणजे काय ते इथं बसलेल्यांना समजावून सांगायची गरज नाही.

आमच्या गावाबाहेरच्या भट्टीवर असंच एक बिऱ्हाड आलं होतं. म्हातारा, म्हातारी, मुलगा-सून आणि सात गाढवं. त्यातल्या दोन माद्या, एक तांबडी आणि एक भुरी, कायम बरोबर. ओझं उतरलं की एकीची मान दुसरीच्या पाठीवर. पाण्यावर बरोबर, उकिरड्यावर बरोबर. म्हातारी सांगायची, दोघी जेजुरीच्या बाजारातून एकाच दिवशी आणल्या, तेव्हा दुवान होत्या. आता दुवान, चौवान, अखंड हे दातावरून वय सांगायचे शब्द तुम्हाला बैलबाजारातून ओळखीचे असतील, गाढवाच्या बाजारातही थोड्याफार फरकानं तेच चालतात. गंमत अशी, की पौष पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो आणि त्याच पौर्णिमेला आमच्या मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा लागते, तिथं बैलांचा बाजार. चंद्र तोच, एकीकडे गाढवं विकली जातात, एकीकडे बैल.

माघात एका रात्री भुरीचं पोट फुगलं. पोटशूळ. प्लास्टिक खाल्लं होतं की आणखी काही, कोण सांगणार? पहाटेला ती मेली. सात वाजता विटा उचलायच्या होत्या. मुकादमानं ट्रॅक्टर बोलावला, मागच्या पायांना साखळी बांधली आणि उजाडायच्या आत भुरी नाल्यापलीकडे. तांबडी त्या वेळी मातीच्या खाणीकडे गेलेली. परत आली तेव्हा जागा मोकळी.

त्या दिवशी ती दुपारपर्यंत रेकत होती. गाढवाचं रेकणं आपल्याला सवयीचं, कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ओझ्याखाली चालताना वाटेत भेटेल त्या गाढवाजवळ थांबायची, हुंगायची, पुढे जायची. मुकादम मागून काठी घालायचा. तिसऱ्या दिवशी तिनं खाणं सोडलं. भिंतीकडे तोंड करून, मान खाली घालून उभी. आम्हीही तिथं होतो, आणि खरं सांगायचं तर आम्हीही म्हणालो, गाढवच ते, अडलंय, दोन रट्टे घाला. पाचव्या दिवशी ती बसली ती उठेना. तेव्हा कुठं तालुक्याहून ढोरांचे डॉक्टर आणले.

डॉक्टरांनी रक्त काढलं आणि नळी तशीच उभी धरून ठेवली. थोड्या वेळानं रक्त खाली बसलं आणि वर जे पाणी यायला हवं होतं ते दुधासारखं पांढरं. म्हणाले, ही चरबी आहे. तांबडी सात महिन्यांची गाभण होती. सातव्या दिवशी ती गेली. सातातली दोन गेली, तीन म्हणा, पोटातलं धरून. उचल मात्र होती तेवढीच राहिली. पुढचे दोन महिने म्हाताऱ्याच्या सुनेनं डोक्यावर विटा वाहिल्या.

हे चरबीचं प्रकरण काय, ते आम्ही डॉक्टरांकडून समजून घेतलं, तुम्हीही घ्या. गाढव हे मूळचं आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातलं जनावर, माणसानं ते सुमारे सात हजार वर्षांपूर्वी पाळलं. विरळ चाऱ्यावर जगायचं म्हणून मिळालेलं अन्न चरबी करून ठेवायची त्याला सवय. पण खाणं एकदम बंद झालं, की ही साठवलेली चरबी भराभरा रक्तात उतरते. यकृताला ती झेपत नाही, यकृत चरबीनं भरतं, मग मूत्रपिंडं बिघडतात. लठ्ठ जनावर, गाभण मादी, पाजणारी मादी, यांना धोका सगळ्यांत जास्त. खाणं कशानं सुटलं याला महत्त्व नाही. दात दुखून सुटो, लांबच्या प्रवासानं सुटो, की सोबती गेल्यानं सुटो, पुढचा रस्ता एकच. आणि गाढव दुखणं दाखवत नाही. घोडा पळतो, लाथा झाडतो, गाढव गप्प उभं राहतं. म्हणून आपण त्याला अडेल म्हणतो, आणि ते अडेल वाटतं तोवर आतून मरत असतं.

याला दुःख म्हणायचं का? आमच्यातच यावर वाद आहे. एक जण म्हणतो, जनावराच्या पोटात काय चालतं ते त्यालाच ठाऊक, आपण आपलं रडणं त्याच्या तोंडी घालू नये. बरोबर आहे. पण डोळ्याला दिसतं ते तर खोटं नाही. शोधतं, हाका मारतं, खाणं सोडतं, जागेवर उभं राहतं. विरळ चाऱ्याच्या मुलखात मोठा कळप पोसत नाही, म्हणून गाढवाचं एखाददुसऱ्याशीच घट्ट जमतं. अभ्यासकांनी २०१३ साली छापलं, की कळपातली गाढवं ठरलेल्या सोबत्याजवळच राहतात आणि त्याला ओळखून असतात. आमच्या म्हातारीला ते छापून यायच्या आधीपासून माहीत होतं, तिला कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

इंग्लंडात डेव्हन परगण्यात एलिझाबेथ स्वेंडसन नावाच्या बाईंनी १९६९ साली गाढवांसाठी आसरा काढला. पुढे त्याची मोठी संस्था झाली. त्यांचं सांगणं साधं आहे: जोडीतलं एक मेलं तर मेलेलं लगेच हलवू नका, जिवंत असलेल्याला त्याच्याजवळ राहू द्या, त्याचं मन निघालं की मगच उचला.

हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. दोन वर्षांनी तेच बिऱ्हाड पुन्हा आलं आणि एक म्हातारं गाढव संध्याकाळी मेलं. मुकादमानं ट्रॅक्टरला निरोप धाडला. म्हातारी आडवी आली. आम्हाला म्हणाली, "दादा, तुमच्या घरात मयत झालं तर तोंड बघायला थांबता ना? मग हिला का बघू देत नाही?" हिला म्हणजे त्याच्याबरोबर कायम चालणाऱ्या मादीला. खूप बोलाचाली झाली. शेवटी आम्ही मध्ये पडलो आणि ट्रॅक्टर सकाळवर गेला.

रात्री आम्ही शेकोटी करून बसलो होतो. बाकीची गाढवं एकेक येऊन हुंगून गेली. ही जाईना. नाकानं त्याला ढोसायची, पुढच्या पायानं माती उकरायची, आयाळीला दात लावून ओढायची, जशी रोज खाजवायची तशी. मग नुसती उभी. पहाटे कधीतरी ती आपली आपण वळली आणि बाकीच्यांत जाऊन उभी राहिली. उजाडल्यावर ट्रॅक्टर आला, तिनं मान वर करून पाहिलं, मागे गेली नाही. दुपारी कडबा खाल्ला. पुढे बरेच दिवस ती ओळीच्या शेवटीच चालायची, ओझ्याला नाखूश होती. पण जगली. शेठनं त्या दिवसाची अर्धी मजुरी कापली, ती कापलीच.

एका गाढवावरून नियम सांगू नये, हे आम्हालाही कळतं. पण एक रात्र थांबण्यात आपलं जातं काय?

मात्र एक सांभाळा. जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून, गुदातून काळं रक्त आलं असेल, तर ती काळपुळी असू शकते. तिथं माया दाखवायची नाही. शव कापायचं नाही, ओढायचं नाही, दुसरं जनावर जवळ जाऊ द्यायचं नाही. डॉक्टरांना कळवायचं आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. पिसाळून मेलं असेल तरी जवळ जाऊ द्यायचं नाही. गाढवा-घोड्याच्या नाकातून पूसारखा शेंबूड वाहत असेल, अंगावर गाठी फुटत असतील, तर तो ग्लँडर्स असू शकतो आणि तो माणसालाही होतो.

आणि मागे राहिलेलं जनावर एक दिवस जरी खायचं थांबलं तरी डॉक्टर बोलवा, तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. हिरवा लुसलुशीत चारा, गाजर, जे म्हणून तोंडात घेईल ते पुढे करा. एकटं बांधू नका, ओळखीच्या जनावराशेजारी बांधा. गाढव नसेल तर शेळी चालेल, पण रिकाम्या भिंतीकडे तोंड करून ठेवू नका.

बाजारात जोडी फोडण्याबद्दलही बोललं पाहिजे. दुष्काळात माणूस दोन्ही विकत नाही, एक विकतो, कारण एक तरी दारात राहावं असं वाटतं. आम्ही कुणाला नावं ठेवत नाही, वैरण संपल्यावर शहाणपण सांगणं सोपं असतं. पण गाढवं विकणार असाल तर दोघं एकाच घरी जातील असं बघा. त्यात दोन पैसे कमी आले तरी घेणाऱ्याचं जनावर चौथ्या दिवशी बसत नाही, आणि पुढच्या बाजारात तो तुमच्याकडेच येतो.

बैलाचं तर आणखी अवघड झालंय. उजव्या-डाव्या अंगाला मुरलेली जोडी, त्यातला एक गेला की दुसरा नव्याबरोबर जूं घेत नाही. पूर्वी अशा वेळी शेतकरी उरलेला बैल विकायचा, त्यात भर घालायचा आणि नवी जोडी आणायचा. २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून उतारवयाच्या एकट्या बैलाला गिऱ्हाईक राहिलं नाही. ज्यांनी कायदा केला त्यांना जनावराची दया आली असेल, पण त्या बैलाची वैरण कुणाच्या खिशातून, हे कायद्यात लिहिलेलं नाही. तो बैल आणि त्याचा मालक, दोघंही एकटे दारात उभे.

गाढवांची तर मोजणीच सांगते. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वातीन लाखांच्या आसपास गाढवं होती, २०१९ च्या गणनेत सव्वा लाखाच्या आत आली. सात वर्षांत शंभरातली एकसष्ट गेली. ट्रॅक्टर आले, टेंपो आले, काही कातड्यासाठी चोरून गेली. चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून औषधी डिंक करतात. त्यापायी आफ्रिकेतल्या देशांनी २०२४ साली कातड्यासाठी होणाऱ्या कत्तलीवर बंदी घालायचं ठरवलं. म्हणजे आता भट्टीवर सात गाढवांच्या जागी दोन-तीनच येतात. त्यातलं एक मेलं की उरलेल्याला हुंगायला दुसरं कुणी नसतं.

काल ज्यांनी बैलाचं विचारलं त्यांना एकच विचारायचं राहिलं. तो बैल मेला तेव्हा दुसरा कुठं बांधलेला होता? त्यानं पाहिलं होतं का? चहाच्या वेळी भेटा, आम्ही मंडपाच्या डाव्या बाजूला आहोत.