लॅकर निवडताना



थेट कामाचंच बोलतो. आपल्या मुळशी तालुक्यात हिंजवडीपासून पिरंगुट, पौडपर्यंत गाड्या वाढल्या, तशी डेंटिंग-पेंटिंगची कामंही वाढली. लॅकर घेताना आपण चकाकी, सुकायचा वेळ आणि भाव पाहतो. ते मारणाऱ्याच्या फुफ्फुसाचा विचारही त्यात आला पाहिजे.

आपलं नेहमीचं टूके लॅकर म्हणजे अ‍ॅक्रिलिक रेझिन आणि हार्डनर. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. दोन्ही मिसळल्यावर पॉलियुरेथेनचा जो कडक थर बनतो, तो ऊन, पाऊस, पेट्रोल सगळं सोसतो. घात होतो तो गनमधून उडणाऱ्या धुक्याने. भोपाळला 1984 साली सुटलेला वायू मिथाइल आयसोसायनेट होता. आपल्या हार्डनरमधलं रसायन त्याच कुळातलं. ते तितक्या सहज हवेत उडत नाही, पण गन त्याचे बारीक थेंब करून छातीपर्यंत पोचवते. त्यातून दमा जडतो. एकदा अ‍ॅलर्जी बसली की जरासं धुकंही पुरतं, आणि कसलेल्या पेंटरला गन खाली ठेवावी लागते. खोकला बऱ्याचदा संध्याकाळी किंवा रात्री येतो, सुट्टीत बरं वाटतं; म्हणून आपण धुळीवर खापर फोडतो. 1948 च्या कारखाने कायद्याने आयसोसायनेटची विषबाधा सरकारला कळवायच्या रोगांत धरली, पण चार-पाच जणांचं गॅरेज सहसा त्या कायद्यात बसतच नव्हतं. आपली काळजी आपल्यालाच घ्यायची आहे.

आता डब्यांकडे वळू. ‘वॉटर-बेस’ म्हटलं की निर्धास्त होऊ नका. पाण्यावरचा असतो तो बहुधा खालचा रंग. वरचं लॅकर हार्डनरचंच. ‘लो-मोनोमर’, म्हणजे मोकळं डायआयसोसायनेट कमी असलेलं हार्डनर नक्कीच बरं, पण त्यातलं उरलेलं पॉलिआयसोसायनेटही धुक्यात घातकच. युरोपीय संघात 24 ऑगस्ट 2023 पासून 0.1 टक्क्याहून जास्त मोकळं डायआयसोसायनेट असलेला माल वापरणाऱ्या कामगाराला प्रशिक्षण सक्तीचं आहे. हार्डनर न लागणाऱ्या वनके लॅकरमध्ये सहसा आयसोसायनेट नसतं, पण सॉल्व्हंट भरपूर असतं आणि पेट्रोलपुढे तो थर सहसा टिकत नाही. छोट्या कामापुरतं ठीक. आयसोसायनेटविरहित टूके लॅकरंही निघाली आहेत. विक्रेत्याकडे ती मागा, म्हणजे तो आणेल. हार्डनरची सेफ्टी डेटा शीट मागितल्याशिवाय पैसे मोजू नका. तिच्या तिसऱ्या भागात घटक असतात, आठव्यात संरक्षणाची साधनं. शीटमध्ये ‘एच 334’ दिसलं, तर श्वासातून अ‍ॅलर्जी किंवा दमा होऊ शकतो असं समजा.

मुळशीचा पाऊस इथे दुहेरी त्रास देतो. ओलाव्याशी हार्डनरची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बुडबुडे येतात. ते टाळायला आपण शटर ओढतो, आणि सगळं धुकं आतच कोंडतं. हवा बाहेर खेचणारा बूथ पावसाळ्यातच सर्वांत जास्त लागतो.

तोंडाला फडकं किंवा एन-95 लावून भागत नाही. कोळशाच्या फिल्टरचा मास्कही पुरत नाही; फिल्टर संपला तरी कळत नाही, कारण आयसोसायनेट वासाने वेळेवर इशारा देत नाही. बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा एअर-फेड मास्कच हवा. त्याच्या कंप्रेसरला हवा गाड्यांच्या धुरापासून लांबून घ्या आणि तेल अडवणारा फिल्टर बसवा. गन थांबली तरी दिसेनासं झालेलं धुकं हवेत असतं. म्हणून चकाकी पाहायला मास्कचा व्हायझर वर करू नका. हातात नायट्राइलचे मोजे घाला. कमी दाबाच्या एचव्हीएलपी गनने फवारा कमी उडतो आणि मालही वाचतो.

हे सगळं महाग आहे, कबूल. पण गिऱ्हाइकाला आपण पुट्टीचे, प्रायमरचे, पॉलिशचे पैसे सांगतो. मास्क आणि बूथचा खर्चही एस्टिमेटमध्ये उघडपणे लिहा. एकाने लिहिला तर गिऱ्हाईक शेजारी जाईल. तालुक्यातल्या सगळ्यांनी लिहिला, तर तोच दर ठरेल.

म्हणून गॅरेजमालक, पेंटर आणि हेल्परांच्या या मेळाव्यात दोन ठराव व्हावेत, अशी विनंती करतो. एअर-फेड मास्कशिवाय टूके लॅकर मारायचं नाही. आणि गन चालू असताना हेल्परला आत थांबवायचं नाही. दोन्हींची सुरुवात मालकांनी उद्याच्या पहिल्या गाडीपासून करावी.