‘लोड आला’ म्हणजे काय झाले?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी मराठीचा शिक्षक. संगणकावर बोलायला उभा राहिलो याचे आपणांस नवल वाटेल, मलाही वाटते. परंतु गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ बंद पडले. आपली एक विद्यार्थिनी आईसह रात्री नऊपर्यंत शाळेच्या कार्यालयात बसून राहिली, आणि अर्ज राहूनच गेला. चौकशी केली तर उत्तर मिळाले, ‘लोड आला’. जणू पूर आला!

यंदा संस्थेने प्रवेश-अर्जाचा स्वतःचा प्रोग्राम करवून घेतला. तो जावा भाषेत असून टॉमकॅट या सर्व्हरवर चालतो. तो उघडण्यापूर्वी तपासायचाच, असा हट्ट मी धरला. एक माजी विद्यार्थी मदतीला आला.

जावाच्या प्रोग्रामाला स्मृतीचा ठराविक हिस्सा मिळतो. त्याला हीप म्हणतात. प्रत्येक अर्जदारासाठी त्यात माहिती साठते. काम संपले की ‘गार्बेज कलेक्टर’ नावाचा झाडूवाला निरुपयोगी माहिती काढून टाकतो. मात्र कोणी धरून ठेवलेल्या वस्तूला तो हात लावत नाही. लग्नाच्या मांडवात पाहुणा खुर्चीवर रुमाल टाकून गेला, तर ती खुर्ची अडूनच राहते ना, तसेच हे. अर्जदार निघून गेला तरी टॉमकॅट, वेगळे सांगितले नसेल तर, 30 मिनिटे त्याची खुर्ची राखतो.

आमची चूक तिथेच होती. फोटो आणि दाखल्याची प्रत त्या खुर्चीवरच राहत होती. एकाचे 2 एमबी धरा. अर्ध्या तासात 500 जण आले तर 1000 एमबी. आमचे हीप 512 एमबीचे. एवढे त्रैराशिक मराठीच्या शिक्षकालाही येते.

हे उघडकीस आणले जेमीटरने. 1998 साली सुरू झालेले हे साधन मोफत आहे. ते शेकडो अर्जदारांचे सोंग घेते. आम्ही ते दुसऱ्या संगणकावरून चालवले, नाहीतर ते सर्व्हरच्याच वाट्याची स्मृती खाते. आधी 20 जण, मग 50, मग 100 असे वाढवत गेलो. शेजारी व्हिज्युअलव्हीएमवर हीपचा आलेख दिसत होता, करवतीच्या दातांसारखा. दातांच्या टोकांना भिऊ नये. झाडलोटीनंतर रेघ कुठवर खाली येते ते पाहावे. आमची रेघ दर वेळी आधीपेक्षा वरच थांबे. शेवटी ‘आउट ऑफ मेमरी’ असा संदेश आला आणि सर्व्हर कोलमडला. मला, खरे सांगतो, आनंद झाला: अजून एकाही मुलाचा अर्ज त्यात नव्हता.

स्मृती वाढवून घ्या, असे एका सभासदांनी सुचवले. त्याने सकाळचा अपघात दुपारवर गेला असता, इतकेच. फायली डिस्कवर ठेवून खुर्चीवर फक्त अर्जक्रमांक ठेवला, तेव्हा रेघ खाली येऊ लागली.

विद्यार्थी मित्रहो, हा प्रयोग दुसऱ्याच्या सर्व्हरवर न विचारता करू नका. तो हल्लाच समजला जातो.

अजून सलग आठ तासांची चाचणी बाकी आहे. हळूहळू झिरपणारी स्मृती अर्ध्या तासात दिसत नाही. ती चाचणी येत्या रविवारी सकाळी आठपासून शाळेच्या संगणक कक्षात आहे. दर पंधरा मिनिटांनी आकडे टिपायला चार विद्यार्थी हवे आहेत. त्या मुलीने नाव दिले आहे.