मसुद्याच्या आधी बोलवा



दिव्यांगांच्या मेळाव्यात अध्यक्षाने शासनाचे आभार मानावेत, दात्यांचा गौरव करावा आणि तीनचाकी सायकलींचे वाटप आटोपताच सभा विसर्जित करावी, असा शिरस्ता पडून गेला आहे. तो मी आज मोडणार आहे. 2007 साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारास मान्यता दिली, तेव्हा दिव्यांगांविषयीचे कायदे व धोरणे आखताना त्यांच्याशी, त्यांतील मुलांशीदेखील, त्यांच्या संघटनांमार्फत निकट सल्लामसलत करण्याचे बंधन आपल्या राज्यकर्त्यांनी स्वखुशीने पत्करले. 2016 च्या अधिनियमाने राज्य सल्लागार मंडळाची आणि जिल्हा समित्यांची तरतूदही केली. व्यवहारात मात्र आराखडा मंजूर होतो, निधी खर्ची पडतो, बांधकाम उरकते, आणि मग उद्घाटनाच्या दिवशी आम्हांला बोलावणे येते.

एका तालुक्याच्या कचेरीत पाहिलेला उतार सांगतो. जोते दोन फूट उंच. एका फुटास बारा या मान्य प्रमाणाने उताराची लांबी चोवीस फूट हवी. ती जेमतेम आठ फूट होती, आणि वर दरवाजाशी चार बोटे उंचीचा उंबरठा होता. चाकाच्या खुर्चीतून वावरणाऱ्या एखाद्या मुलीला नकाशा दाखविला असता, तर तिने तो दोष तिथल्या तिथे दाखविला असता. असा सल्ला फुकटात मागणेही अन्याय्य आहे. वास्तुविशारदास जसे शुल्क, तसे तिलाही मानधन आणि मदतनिसासह प्रवासखर्च मिळालाच पाहिजे.

आता घरचे बोलतो. पालकहो, रात्रीअपरात्रीच्या झटक्यांचा आणि प्रमाणपत्रासाठी इस्पितळात घातलेल्या खेपांचा हिशेब तुमच्याखेरीज कोणी देऊ शकणार नाही, म्हणून समितीत तुमची जागा हवीच. परंतु 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमान्वये सज्ञान मुलाचे कायदेशीर पालकत्व मिळाले, तरी त्याच्या मताची मालकी तुमच्याकडे येत नाही. सेरेब्रल पाल्सी असलेला विशीतला मुलगा मांडीवरच्या अक्षरफलकावर एकेक अक्षर बोटाने दाखवीत वाक्य जुळवीत असतो, चौथ्या अक्षराला आई ते वाक्य स्वतःच पुरे करते, आणि समिती पुढील विषयाकडे वळते, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्याला काय म्हणावयाचे होते ते दफ्तरी नोंदलेच जात नाही. तुमची साक्ष तुमच्या नावाने व्हावी; त्याची खुर्ची वेगळी असावी, आणि त्याचे वाक्य संपेपर्यंत सभेने थांबावे.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात एकोणतीस लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे पाच टक्के त्यांच्यासाठी खर्चावेत असा आपल्याकडे दंडक आहे. ती रक्कम कशावर खर्चावी, हे मात्र बहुधा दुसरेच ठरवितात. तामिळनाडूने 2025 साली कायद्यात दुरुस्ती करून स्थानिक संस्थांत दिव्यांग सदस्यांच्या नामनिर्देशनाची तरतूद केली. ते महाराष्ट्रास अशक्य आहे, हे मी मान्य करीत नाही.

तशीच तरतूद येथेही व्हावी, या मागणीचा ठराव आज आपल्यापुढे यावयाचा आहे. कार्यवाहांना माझी विनंती आहे की, त्याचा मसुदा प्रथम येथील दिव्यांग तरुणांच्या हाती द्यावा. त्यांनी हवा तितका वेळ घेऊन तो दुरुस्त केल्यावरच मी तो मतास टाकीन.