मुलांचा संगणक : कुलूप आणि किल्ली



आजचा विषय फळ्यावर लिहिलेला पाहून माझे एक स्नेही मला म्हणाले, "मुलांच्या संगणकाला कुलूप कसे लावावे हे सांगायला व्याख्यान कशाला? दुकानदार पाच मिनिटांत लावून देईल." त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. कुलूप दुकानदार लावून देईल. पण ते का लावले हे मुलाला समजावायला तो येणार नाही, आणि ते कधी काढावयाचे हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्या उरलेल्या निम्म्याविषयी मला आज बोलावयाचे आहे.

परंतु आधी कुलपाची ओळख करून घेऊ. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग पडद्यावर भरू लागले. पुष्कळ घरांत संगणक एक आणि वापरणारे चार, अशी स्थिती झाली. सगळे एकाच खात्यावर बसू लागले. मूळ चूक तेथेच आहे. संगणकावर खाती दोन प्रकारची असतात : एक प्रशासकाचे, दुसरे साध्या वापरणाराचे. नियम घालण्याचा व मोडण्याचा अधिकार प्रशासकाला असतो. मूल त्याच खात्यावर बसत असेल, तर तुम्ही घातलेले प्रत्येक बंधन ते दोन मिनिटांत दूर करील. म्हणून मुलाचे खाते वेगळे व साधे असावे. प्रशासकाचा परवलीचा शब्द वडीलधाऱ्यांपाशी राहावा. आणि कृपा करून तो घरातल्या कुणाची जन्मतारीख नसावा!

विंडोजमध्ये पालकांसाठी अशी सोय २००७ च्या व्हिस्टापासून आहे. ॲपलच्या मॅकवर 'स्क्रीन टाइम' २०१९ मध्ये आले. आज विंडोजवर मुलाचे खाते कुटुंबाच्या गटात जोडले, की कोणत्या वारी किती तास, कोणत्या खेळाला किती वेळ, हे ठरवता येते. नको ती संकेतस्थळे अडवता येतात. मुलाने काय पाहिले, काय शोधले, याचा साप्ताहिक अहवालही पालकाला येतो. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. संकेतस्थळांची ही गाळणी मायक्रोसॉफ्टच्या एज या ब्राउझरपुरतीच चालते, म्हणून ती चालू केली की इतर ब्राउझर अडवले जातात. शाळेच्या कामासाठी पालक दुसरा ब्राउझर मोकळा करतात आणि गाळणी चालू असल्याच्या समाधानात राहतात. प्रत्यक्षात त्या ब्राउझरवर ती नसतेच.

दुसरे कुलूप राउटरवर लावता येते. हे म्हणजे वाड्याच्या दिंडीदरवाजाचे कुलूप. घरातल्या साऱ्या यंत्रांना ते एकदम लागू होते. पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून संगणक जोडला, की दिंडी बाजूला राहते आणि परसदार उघडते. शिवाय राउटरच्या गाळणीला बहुधा संकेतस्थळाचे नाव तेवढे दिसते, आतले पान दिसत नाही. त्यामुळे एकाच ठिकाणी भूमितीचा धडा आणि भलतीच चित्रफीत असेल, तर ती दोन्ही सोडते किंवा दोन्ही अडवते. वयात येणाऱ्या मुलीने स्वतःच्या शरीराविषयी काही शहाणपणाचे वाचू म्हटले, तर तेही कधी कधी अडते.

आता माझी चूक सांगतो. तीस वर्षे शाळेत गणित शिकवले असल्यामुळे मुलांचे मला सारे कळते, असा माझा समज होता. नातू सातवीत असताना मी त्याच्या संगणकाला ही सगळी कुलपे लावली. आणि त्याला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. दर आठवड्याला अहवाल येई, तो मी चष्मा पुसून वाची. एका अहवालात दिसले, की रात्री त्याने शोधले होते : 'अनोळखी माणसाला शाळेचे नाव सांगितले तर काय होते?'

मी त्याला बोलावून विचारले. त्याचा चेहरा उतरला. पण तो पहिले वाक्य काय बोलला? "आजोबा, तुम्ही माझं वाचता?"

खरी हकिकत कळायला त्यानंतर दोन दिवस लागले. एका खेळात कुणी ओळख वाढवून शाळेचे नाव काढून घेतले होते. आता छायाचित्र मागून धमकावणे चालले होते. "मला का नाही सांगितलंस?" असे विचारता तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही कॉम्प्युटरच बंद केला असता." माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण मी तेच केले असते.

मौज पाहा. तो खेळ त्याच्या वयाला योग्य म्हणून मीच मान्य केलेला. वेळ मीच दिलेली. कुलपाने आपले काम चोख केले होते. संकट आले ते मी परवानगी दिलेल्या तासात, परवानगी दिलेल्या दारातून. आम्ही संदेश जपून ठेवले, त्या माणसाला अडवले आणि तक्रार केली. अशा वेळी पुरावा पुसू नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रारीचे संकेतस्थळ आहे, मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. त्यांचा उपयोग करावा.

संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता १९८९ ची. भारत १९९२ मध्ये तिच्यात सामील झाला. तिचे १७ वे कलम घातक मजकुरापासून मुलाला जपावे म्हणते, १६ वे कलम त्याच्या खाजगीपणात मनमानी ढवळाढवळ नको म्हणते, आणि ५ वे कलम म्हणते, की आईबापांचे मार्गदर्शन मुलाच्या वाढत्या समजेला साजेसे असावे. मला वाटते, ही तीन कलमे एकत्र वाचली म्हणजे आपले काम स्पष्ट होते.

त्यानंतर आमच्या घरात तीन गोष्टी ठरल्या. एक, कुलूप लावायचे ते मुलाला शेजारी बसवून, कारण सांगून. दोन, मुलाने आपण होऊन काही सांगितले, तर त्या सांगण्यापायी संगणक बंद होणार नाही. हे वचन मोडायचे नाही. तीन, दर वाढदिवसाला एक बंधन सैल करायचे.

आपल्याकडे मूल चालायला लागण्यापूर्वी त्याला पांगुळगाडा देतात. तो मुलाला जखडण्यासाठी नसतो. आणि मूल धावू लागल्यावर कुणी आई तो त्याच्या हातात धरून ठेवीत नाही. हे कुलूपही तसेच आहे.

नातू आता नववीत आहे. गेल्या वाढदिवसाला मी तो साप्ताहिक अहवाल बंद केला. मला वाटले होते, आता मला काहीच कळणार नाही. महिन्याभरातच एका संध्याकाळी त्याने आतल्या खोलीतून हाक मारली, "आजोबा, हा मेसेज जरा विचित्र वाटतोय. बघता का?"

तीस पानांच्या अहवालांनी मला जे दिले नव्हते, ते त्या एका हाकेने दिले.