नाण्याची मागची बाजू

रोमन सम्राटांची नाणी पाहताना नजर आधी मुखवट्याकडेच जाते. माझं मन मात्र मागच्या बाजूवर रमतं. तिथे जे कोरलेलं असतं, ते घडलेलं असतंच असं नाही. सम्राटाला ज्याची धास्ती, नेमकी त्याचीच ग्वाही तिथे अनेकदा सापडते.

नीरोच्या एका नाण्यावर जेनस देवाचं देऊळ आहे. दारं बंद, वर फुलांचा हार. युद्ध चालू असेपर्यंत ही दारं उघडी ठेवत. जमिनीवर नि समुद्रावर शांतता नांदते आहे, म्हणून ती लावली, असं कडेची अक्षरं सांगतात. ही नाणी पाडली इ.स. ६५च्या सुमारास. ६६मध्ये जुडिआ प्रांत बंडानं पेटला.

कॅराकल्लाची बायको प्लॉटिला. तिच्या नाण्यावर दोघं एकमेकांचा हात धरून उभी आहेत आणि भोवती राजवंशाच्या वाढीची आशा कोरलेली. प्रत्यक्षात त्याला ती पंगतीलाही नको होती. तिच्या बापाचा खून झाल्यावर, २०५मध्ये, तिला बेटावर धाडलं. सासरे गेले, नवरा गादीवर आला आणि त्यानं तिला मारून टाकलं. नाण्यावरचे ते गुंफलेले हात पाहताना मला फार वाईट वाटतं.

पण खरी कमाल गॅलिएनसची. त्याच्या काळात सेनापती उठायचा नि स्वतःला सम्राट म्हणवायचा. तेव्हा गॅलिएनसनं एकेका पलटणीच्या नावानं नाणी पाडली, प्रत्येकीच्या निशाणासकट. ‘दुसरी इटालिका’ला जुळ्यांना पाजणारी लांडगी, ‘तिसरी इटालिका’ला करकोचा. सोबत बिरुद : सहा वेळा एकनिष्ठ. पुढच्या नाण्यांवर : सात वेळा एकनिष्ठ! निष्ठेचा आकडा असा चढत होता आणि चांदी उतरत होती. त्याच्या अखेरच्या वर्षांत ती शेकडा पाचाच्याही खाली गेली. वरचा पातळ मुलामा झिजला की खालचं तांबं दिसे. सैनिकाचा पगार याच नाण्यांत व्हायचा, हे ध्यानात घ्या.

२६८मध्ये मिलानच्या वेढ्यात त्याच्याच अधिकाऱ्यांनी त्याला ठार केलं. त्यानंतर गादीवर आलेल्या दुसऱ्या क्लॉडियसनंही नाणी पाडली. त्यांतल्या काहींवर निष्ठादेवी उभी आहे, आणि अक्षरं तीच जुनी : सैनिकांची निष्ठा.