दोन फुटांचा गहू

मी शाळेत होतो तेव्हा मार्चच्या वादळात आमचा गहू एका रात्रीत आडवा झाला. आजोबा बांधावर नुसते उभे होते. उंच काठी, जड ओंबी, दुसरं काय होणार?

म्हणून आज ‘नोरिन १०’ची गोष्ट. जपानचा बुटका ‘दारुमा’, त्यात अमेरिकेचे ‘फुल्ट्झ’ आणि ‘टर्की रेड’. या संकरातून गोंजिरो इनाझुकांनी निवडलेलं हे वाण १९३५ साली आलं. उंची जेमतेम दोन फूट. भरपूर खत द्या, लोळत नाही!

पण हा विंटर व्हीट. काही आठवडे कडक थंडी खाल्ल्याशिवाय वेळेवर ओंबी धरत नाही. आपण रब्बीत पेरतो तो स्प्रिंग व्हीट, त्याला एवढी थंडी लागत नाही. म्हणजे नोरिन आपल्या रानात थेट चाललाच नसता.

मग? १९४६ मध्ये बी अमेरिकेत गेलं. ऑर्व्हिल व्होगेलांनी त्याचा ‘ब्रेव्होर’शी संकर केला. त्यातून नॉर्मन बोरलॉगनी मेक्सिकोत तो बुटकेपणा स्प्रिंग गव्हात उतरवला. तिथून ‘सोनोरा ६४’ साठच्या दशकात भारतात आला.

वाण जपानचं, त्याचा गुण मात्र आपल्या ताटापर्यंत पोचला. तुमच्याकडे कोणता गहू पेरतात? घरी विचारा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!